पासपोर्टवरचं नाव आणि घरातलं नाव

मी अहमदाबादला राहते, मणिनगरमध्ये. माहेर मेहकरचं, जिल्हा बुलढाणा. लग्न होऊन इकडे आले त्याला बावीस वर्षं झाली आणि त्यातली सोळा वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. हे आधीच सांगतेय कारण पुढे जे झालं त्यात मला सोबत नेलं ते या कामामुळेच.

आमच्या कामात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. पेशंट समोर बसला की "तुम्ही अमुक अमुक ना?" असं विचारायचं नाही, "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं आणि त्यानं सांगितलेलं कागदाशी जुळवायचं. कारण घाबरलेला माणूस, कमी ऐकू येणारा, उपाशीपोटी दोन तास बसलेला माणूस कशालाही हो म्हणतो. आणि ट्यूबवर लेबल रक्त घेतल्यावर लावायचं, पेशंट उठायच्या आत, त्याच्या समोरच. आधी लेबलं लावून ठेवलेल्या ट्यूबा सगळ्यात धोकादायक. मशीन चुकत नाही हो, चूक होते ती नावाच्या जागी. इतकी वर्षं हे मी सवयीनं करत होते, त्याचा खरा अर्थ मला जून 2025 मध्ये कळला.

12 जून, गुरुवार. समोरच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या काकींचा भाऊ आणि वहिनी त्या दिवशी मुलाकडे लंडनला निघाले होते. (नावं, गाव काही सांगणार नाहीये, त्यांच्या मुलाला विचारूनच हे लिहितेय आणि त्यानं तेवढंच मागितलं.) आदल्या दिवशी ते दोघं काकींकडे जेवायला आले होते, काकींनी थेपले आणि छुंदा बांधून दिला होता, त्यासाठी आमच्या घरातला मोठा डबा नेला होता, तो झाकणाला चीर पडलेला स्टीलचा. दुपारी 1 वाजून 38 मिनिटांनी विमान उडालं आणि मिनिटभरही झालं नाही तर मेघाणीनगरला बी जे मेडिकल कॉलेजच्या होस्टेलवर कोसळलं, मुलांची जेवायची वेळ, मेसमध्ये ताटं मांडलेली. एअर इंडियाचं 171 नंबरचं, ड्रीमलायनर. आत 242 माणसं होती, 230 प्रवासी आणि 12 क्रू.

मी लॅबमध्ये होते, काकांचा फोन आला आणि ते नुसतं "तू ये, तू ये" एवढंच म्हणत होते. घरी पोचले तेव्हा टीव्हीवर तो काळा धूर. संध्याकाळी बातमी आली की एक प्रवासी वाचला, 11ए सीटवरचा, तो चालत बाहेर येतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. काकी तो व्हिडिओ परत परत लावत होत्या. एक वाचला म्हणजे दुसराही वाचू शकतो, मागे कोणी येतंय का बघ, असं मला सांगत होत्या आणि मीही खरंच मागे बघत होते, स्क्रीनवर, त्या माणसाच्या खांद्यामागे.

रात्री आम्ही असारव्याला सिव्हिल हॉस्पिटलला गेलो. गर्दी, ॲम्ब्युलन्स, पोलीस, रडारड, त्यावर जास्त लिहवत नाही. काकांना एकच हवं होतं, आत जाऊन बघायचं होतं. "मी मेहुण्याला ओळखीन, चाळीस वर्षं ओळखतो त्याला, मला फक्त दोन मिनिटं आत सोडा." हे ते प्रत्येक खाकीवाल्याला सांगत होते. तिथल्या एका ज्येष्ठ डॉक्टर बाईंनी त्यांना बाजूला बसवलं, पाणी दिलं आणि हात धरून सांगितलं की काका, डोळ्यांनी ओळखण्यासारखं नाहीये, उद्या रक्त द्यायला या. त्या दिवशी केंद्रीय गृहमंत्र्यांनी सांगितलं होतं की विमानात सव्वा लाख लिटर इंधन होतं. लंडनपर्यंतचं भरलेलं इंधन ते, उडाल्या उडाल्या पडलं म्हणजे सगळंच्या सगळं जळलं.

इथे मला एक सांगावंसं वाटतं कारण बऱ्याच जणांना हे क्रूर वाटतं, मलाही वाटलं होतं, की घरच्यांना बघू का देत नाहीत. पण जगभर अशा दुर्घटनांमध्ये ओळख पटवायची जी पद्धत आहे, इंटरपोलची, त्यात तीनच गोष्टी पक्क्या धरतात, बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. कपडे, दागिने, टॅटू, ऑपरेशनची खूण हे सगळं मदतीला, एकट्यानं पुरेसं नाही. आणि चेहरा बघून घरच्यांनी "हो, हेच" म्हणणं हे तर सगळ्यात कच्चं. कारण दुःखातला माणूस ओळखत नसतो, त्याला ते संपवायचं असतं. माझा उपाशीपोटी बसलेला पेशंट जसा कुठल्याही नावाला हो म्हणतो ना, तसंच. ओडिशात 2023 च्या जूनमध्ये बहानगाचा रेल्वे अपघात झाला तेव्हा हेच झालं, एकेका मृतदेहावर दोन दोन, तीन तीन कुटुंबांनी हक्क सांगितला, मग डीएनए करावे लागले, आणि शेवटी 28 जण असे राहिले की त्यांना न्यायला कोणीच नाही, चार महिन्यांनी ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर महापालिकेनं त्यांचे अंत्यसंस्कार केले. कोणी म्हणेल इतकी वाट बघायची कशाला, पण त्यातल्या एखाद्याला आधीच कोणी घाईत नेलं असतं तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा माणूस कायमचा हरवला असता.

शुक्रवारी सकाळी कसोटी भवनला गेलो. बी जे मेडिकलच्या आवारातलीच इमारत आहे, परीक्षेची. कसोटी शब्द गुजरातीतही तोच आणि आपल्यातही तोच. तिथे नातेवाईकांचे रक्ताचे नमुने घेत होते. बाकं, पंखे, भिंतीशी पाण्याचे बॉक्स रचलेले, आणि माणसं इतकी शांत बसलेली की फॉर्म भरताना पेनचा आवाज यावा. प्रत्येक प्रवाशाच्या कुटुंबामागे एक अशा 230 टीम केल्या होत्या सरकारनं. आमच्या टीममधला मुलगा पंचविशीचा असेल, तो आमच्यासमोर बसला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "प्रवाशाचं पूर्ण नाव सांगा." काकांनी सांगितलं. त्यानं यादी बघितली, परत बघितली. "या नावाचं यादीत कोणी नाही."

काकींनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. त्यांना वाटलं, म्हणजे ते चढलेच नाहीत विमानात! एक क्षण मलाही वाटलं. मग डोक्यात आलं, मी काकांना विचारलं, हे नाव पासपोर्टवर आहे का? नव्हतं. ते घरातलं नाव होतं, लहानपणापासूनचं, गावात, धंद्यात, लग्नपत्रिकेत सगळीकडे तेच चालायचं, पासपोर्टवर वेगळंच होतं, शाळेच्या दाखल्यातलं, आणि ते नाव काकांना आठवेना. बायकोच्या सख्ख्या भावाचं कागदावरचं नाव. काकी सांगतील म्हणून त्यांच्याकडे बघितलं तर त्या यादीतल्या नावाकडे बघत मान हलवत होत्या, नाही नाही, हा माझा भाऊ नाही. शेवटी मुलानं लंडनहून पासपोर्टचा फोटो पाठवला तेव्हा जुळलं. ती जी पाच-सात मिनिटं काकी आशेवर होत्या ती मला अजून आठवतात.

मग प्रश्न सुरू झाले. उंची किती, पायाचं माप, कुठलं ऑपरेशन, अंगात रॉड-प्लेट काही, दात काढलेले, कवळी, कॅप, अंगठी, मंगळसूत्राचा घाट, कपडे कोणते घातले होते. इंटरपोलच्या पद्धतीत जिवंतपणीची माहिती पिवळ्या फॉर्मवर आणि मृतदेहावरून मिळालेली गुलाबी फॉर्मवर लिहितात, मग दोन्ही समोरासमोर ठेवतात. आमच्यासमोर साधे पांढरे कागद होते पण काम तेच. काकांना मेहुण्याच्या चपलेचं माप सांगता येईना याचं त्यांना इतकं वाईट वाटलं. काकींना मात्र वहिनीचं सगळं माहीत, डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटात जोडवं घट्ट झालंय, निघत नाही, वरच्या उजव्या बाजूच्या दाढेचं रूट कॅनाल मणिनगरलाच केलंय, साडी नेसणार होती पण प्रवासात नको म्हणून पंजाबी ड्रेस घातला, पिस्ता रंगाचा. त्या मुलानं सगळं लिहून घेतलं, एकदाही घाई केली नाही.

रक्त काकींचं घेतलं. तिथे मी बाजूला उभी राहून बघत होते, सवयच. जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब, रक्त गोठू नये म्हणून आत औषध असतं ती, आपण सीबीसीला (रक्तपेशी मोजायला) घेतो तीच. घेणाऱ्या बाईनं काकींना त्यांचं नाव विचारलं, मग प्रवाशाचं नाव आणि नातं विचारलं, मग रक्त घेतलं, ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी केली आणि मग लेबल लावून काकींना दाखवलं की बघा, बरोबर आहे ना. माझ्या डोळ्यात तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं. गेल्या दिवसभरात इतकं बघून आलं नव्हतं आणि एक लेबल नीट लावलेलं बघून आलं, कसं सांगू.

पण तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की बहिणीचं रक्त घेतलंय खरं, मुलाचं मिळालं तर फार बरं. याचं कारण असं की डीएनएवरच्या वीसएक ठरावीक जागा तपासतात, आणि प्रत्येक जागी मुलाला एक भाग आईकडून आणि एक बापाकडून आलेलाच असतो, म्हणजे बाप-मुलगा असतील तर प्रत्येक जागी काहीतरी जुळलंच पाहिजे. (क्वचित एखाद्या जागी बदल झालेला असतो, तो हिशोब ते लोक करतात.) भावंडांचं तसं नाही, एखाद्या जागी दोन्ही जुळतील, एखाद्या जागी एकही नाही, सरासरी निम्मं. त्यामुळे बहिणीवरून अंदाज येतो पण तेवढा ठामपणा येत नाही. आणि वहिनीसाठी तर काकींच्या रक्ताचा काहीच उपयोग नव्हता, ती परक्या घरातून आलेली. मुलगा एकटाच असा की त्याच्या एका ट्यूबमध्ये आई पण होती आणि बाप पण होता.

भाचा, म्हणजे लंडनचा तो मुलगा, शनिवारी रात्री उशिरा पोचला. रविवारी सकाळी सातला आम्ही परत कसोटी भवनला. त्यानं बाही वर केली आणि रक्त देताना ट्यूबकडेच बघत राहिला, तोंडातून शब्द नाही.

त्याच रविवारी, 15 तारखेला, माजी मुख्यमंत्री विजय रूपाणींचा डीएनए जुळल्याची बातमी आली. तेही त्याच विमानात होते. काका म्हणाले, बघ, त्यांच्या घरच्यांनाही तीन दिवस थांबावं लागलं. यात त्यांना कसला आधार वाटला असेल ते मला समजतं, की इथे ओळखपाळख चालत नाहीये, सगळ्यांना तीच ट्यूब आणि तीच रांग.

72 तास सांगितले होते. तो आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला होता आणि लोक घड्याळ लावून बसायचे, मग 73 वा तास सुरू झाला की चिडायचे. मी लॅबवाली म्हणून सोसायटीतले मला विचारत, रक्ताचा रिपोर्ट तर संध्याकाळी येतो, याला एवढा वेळ का? जिवंत माणसाच्या रक्तातून डीएनए काढणं सोपं आहे हो. पण आगीतून आलेल्या शरीरातून काढायचा म्हणजे दात किंवा मांडीचं मोठं हाड घ्यावं लागतं, कारण वरचं सगळं गेलं तरी दाताच्या कठीण आवरणाच्या आत, हाडाच्या गाभ्यात काहीतरी टिकून राहतं. ते हाड साफ करायचं, त्याची पूड करायची, रसायनात ठेवून त्यातलं कॅल्शियम सोडवायचं, मग डीएनए वेगळा करायचा, मग त्याच्या लाखो प्रती मशीनमध्ये वाढवायच्या, मग वाचायचं. आणि उष्णतेनं डीएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात, वीस जागांपैकी बारा वाचता आल्या आणि आठ कोऱ्या असंही होतं, मग परत पहिल्यापासून, दुसरा दात, दुसरं हाड. हे गांधीनगरला फॉरेन्सिक लॅबमध्ये आणि फॉरेन्सिक सायन्स युनिव्हर्सिटीत रात्रंदिवस चाललं होतं. आणि एका माणसाचा एकच नमुना असतो असंही नाही ना. जे जे सापडेल त्या प्रत्येकाला वेगळा नंबर. होस्टेलमधली, रस्त्यावरची माणसंही त्यातच, म्हणजे नुसती प्रवाशांची यादी समोर ठेवून जुळवायचं असंही नाही.

या दिवसांत सगळ्यात जास्त त्रास कशानं दिला असेल तर मोबाइलनं. सोमवारी काकांच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला, जळालेल्या हाताचा, मनगटात सोन्याची बांगडी. खाली लिहिलेलं, कोणाची ओळख पटते का बघा, पुढे पाठवा. काकींनी तो बघितला आणि ओरडल्याच, ही भाभीची बांगडी! मी तिला सोबत घेऊन केलीय, माणेकचौकात, दोघींच्या सारख्या. आणि त्यांनी आपल्या हातातली काढून फोटोशेजारी धरली. खरंच सारखी होती. वेलबुट्टी, मध्ये लाल मीना. भाचा तर उठून गाडीची चावी घ्यायला गेला.

मी त्याला थांबवलं. काय बोलले मला नीट आठवत नाही, एवढं आठवतं की मी काकींना म्हटलं, काकी, तुम्हा दोघींच्या सारख्या आहेत म्हणजे सोनारानं त्या साच्यातून अजून किती काढल्या असतील. आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये तशी बांगडी आहे दोघींकडे, मी रक्त घेताना रोज मनगटंच बघते. त्या माझ्यावर खूप रागावल्या, तू परकी आहेस म्हणून तुला हे बोलता येतं म्हणाल्या. ते मला लागलं, पण मी हलले नाही. शेवटी भाच्यानं आमच्या टीममधल्या मुलाला फोन केला, त्यानं फोटो मागवून घेतला आणि अर्ध्या तासानं कळवलं की हा फोटो या दुर्घटनेतला असल्याची काहीच खात्री नाही, याच्यावर जाऊ नका. असे फोटो पुढे ढकलणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, नका पाठवू. मदत केल्यासारखं वाटतं पण तुमच्या एका बोटानं कुणाचं तरी घर एक रात्रभर जळत असतं.

मला या सगळ्यात राहून राहून बुलढाणा आठवत होतं. 1 जुलै 2023, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स उलटून पेटली, 25 जण गेले. माझं माहेर तिथून जवळ, भाऊ दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात होता. ओळख पटण्यासारखं काही राहिलं नव्हतं, डीएनएला वेळ लागणार होता, मग नातेवाइकांशी बोलून दुसऱ्याच दिवशी तिथेच सामूहिक अंत्यसंस्कार केले. भाऊ सांगत होता, ओळीनं चिता, आणि कोणती आपली हे कुणालाच माहीत नाही, एक बाबा प्रत्येक चितेसमोर हात जोडत शेवटपर्यंत चालत गेले. त्या वेळी तो निर्णय घेणाऱ्यांनाही सोपं नसणार, पावसाचे दिवस, नागपूर-वर्धा-यवतमाळहून आलेली माणसं, कितीक दिवस कुठे थांबतील. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण ते बाबा माझ्या डोक्यातून जात नाहीत, आणि म्हणून मला वाटत होतं की इथे कितीही दिवस लागू देत, काकींना एकाच पेटीसमोर हात जोडता आले पाहिजेत.

मंगळवारी मी एक काम केलं. काकींच्या वहिनीचं रूट कॅनाल जिथे झालं होतं त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये दोन वर्षांपूर्वीचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे होता, ओपीजी म्हणतात तो. त्यांनी काही न विचारता पेन ड्राइव्हवर दिला, वर स्वतःच्या लेटरहेडवर कोणत्या दाढेत काय भरलंय, कोणती कॅप, ते सगळं लिहून सही करून दिलं. डिस्क्लेमर म्हणून सांगते, मी डॉक्टर नाही, पण हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, जुने दातांचे एक्स-रे फेकू नका. भरलेली दाढ आगीतही आपला आकार सांगते. भाच्यानं तो पेन ड्राइव्ह कसोटी भवनला नेऊन दिला आणि पोच घेतली.

बुधवारी, 18 ला दुपारी फोन आला. वडिलांचा डीएनए जुळला. फक्त वडिलांचा.

घरात तो दिवस कसा गेला सांगता येत नाही. कारण आता नवीनच प्रश्न उभा राहिला, त्यांना आत्ता आणायचं की आई सापडेपर्यंत थांबायचं. काका म्हणत होते दोघं एकत्र निघाले होते, एकत्रच नेऊ. काकी म्हणत होत्या माझा भाऊ सहा दिवस थंडीत पडलाय, त्याला घरी आणा. आणि भाच्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्याकडे का माहीत नाही. मी म्हटलं, बाबांना आणू आणि अस्थी ठेवू, आई आल्या की दोघांचं विसर्जन एकत्र करू. चाणोदला, नर्मदेवर. ते सगळ्यांना पटलं.

मृतदेह ताब्यात घेण्याचीही पद्धत होती. घेणाऱ्याचं ओळखपत्र, नात्याचा पुरावा, मग सह्या, पोलिसांचे कागद, पोस्टमॉर्टेमची नोंद, डीएनए जुळल्याचं पत्र आणि मृत्यूचा दाखला सोबतच, त्यासाठी नंतर खेपा घालाव्या लागल्या नाहीत. आणि एक प्रश्न विचारला, उभ्या उभ्या, अगदी हलक्या आवाजात. पुढे अजून काही अवशेष यांचेच म्हणून जुळले तर तुम्हाला कळवायचं, की इथेच विधिवत अंत्यसंस्कार करायचे? भाचा लगेच म्हणाला कळवा. काकी म्हणाल्या नको. बरोबर काय मला आजही ठरवता येत नाही. मुलाला वाटलं बाबांचं जे काही असेल ते आपणच करावं, बहिणीला वाटलं एकदाच रडता येऊ दे. सही मुलाची होती म्हणून कळवा असं लिहिलं गेलं.

पेटी बंद होती आणि उघडू नका म्हणून सांगितलं. घरी आणल्यावर काकींनी त्या लाकडावर डोकं टेकलं. चेहरा नाही, हात नाही, पाणी तोंडात घालायचं तर कुठे घालणार. गुरुजींनी पेटीवरच गंगाजळ शिंपडलं, तुळस ठेवली.

आईसाठी अजून तीन दिवस गेले. पहिल्या नमुन्यातून पूर्ण वाचता आलं नव्हतं, दुसरा घ्यावा लागला, असं त्या टीमच्या मुलानं स्वतः येऊन सांगितलं, घरी येऊन, बेसण्याच्या दिवशी, पांढरा शर्ट घालून. (बेसणं म्हणजे आपल्याकडे भेटायला येतात तसं, पण ठरलेल्या वेळी सगळे एकत्र.) शनिवारी 21 ला संध्याकाळी फोन आला. तोपर्यंत बहुतेक कुटुंबांना फोन येऊन गेले होते, पण शेवटची ओळख पटायला 28 जून उजाडला. एकूण 260 माणसं, 241 विमानातली आणि 19 जमिनीवरची, त्यातली 254 डीएनएवरून आणि 6 चेहऱ्यावरून ओळखली.

या वेळी काकींनी हट्टानं मला आत सोबत नेलं. पेटीवर नंबर होता, कागदावर नंबर होता. तिथल्या माणसानं कागद वाचला. मी म्हटलं, तुम्ही वाचू नका दादा, पेटीवरचा मी वाचते, तुम्ही कागदाशी जुळवा. तो रागावेल असं वाटलं होतं, तो म्हणाला, हो ताई, वाचा. मी वाचला. त्यानं जुळवला. मग उलट केलं, त्यानं पेटीवरचा वाचला, मी कागदावरचा. मग भाच्यानं आईचं पूर्ण नाव सांगितलं, पासपोर्टवरचं.

जुलैमध्ये बातम्या आल्या की इंग्लंडला गेलेल्या पेट्यांपैकी दोन कुटुंबांच्या बाबतीत अवशेष चुकीचे निघाले असं त्यांच्या वकिलांनी सांगितलं, आपल्या परराष्ट्र खात्यानं म्हटलं की सगळं ठरलेल्या पद्धतीनं आणि तांत्रिक निकषांनुसार केलं होतं. भाचा तोपर्यंत परत गेला होता. त्याचा रात्री दोनला फोन आला, ताई, तुम्ही नंबर वाचला होता ना? मी म्हटलं, वाचला होता, दोनदा. तो "ठीक आहे" म्हणाला आणि तरी बराच वेळ फोन ठेवला नाही. त्या कुटुंबांकडे असं सांगायला कुणी असेल का, हे माझ्या मनात येतं. डीएनए बरोबर जुळतो, जुळवणाऱ्यांनी रात्रीचे दिवस केलेले असतात, आणि तरी मध्ये कुठेतरी एक हात, एक पिशवी, एक लेबल असतं.

चाणोदला जायच्या आदल्या रात्रीचं सांगायचं राहिलं. दोन मडकी होती, सारखीच, वर लाल कापड बांधलेलं, काकींच्या घराबाहेर झाडाच्या फांदीला टांगून ठेवलेली, घरात आणत नाहीत म्हणून. काकींनी मला हाक मारली. बेटा, तुझ्या लॅबचा तो चिकटपट्टीचा रोल आण आणि पेन. सकाळी गडबडीत कोणतं कुणाचं कळायला हवं. मी पट्टी फाडली, मडक्याला लावली आणि सवयीप्रमाणे विचारलं, नाव सांगा.

त्यांनी भावाचं घरातलं नाव सांगितलं. मी तेच लिहिलं.